छाती उघडण्याआधी आणि मिटल्यावर

उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया, म्हणजेच रुग्ण आणि नातेवाईक ज्याला सरसकट 'ओपन हार्ट' म्हणतात ती, मूळ अर्थाने अशी शस्त्रक्रिया होय जिच्यात हृदयाचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून त्याचे कप्पे उघडले जातात व आतील छिद्र किंवा झडप डोळ्यांसमोर ठेवून दुरुस्त केली जाते. पुढे बोलण्याच्या ओघात छातीचे मधले हाड कापून केलेल्या जवळजवळ प्रत्येक हृदयशस्त्रक्रियेला हेच नाव मिळाले. या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यचिकित्सकांचा आणि यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि टेबलावरचे ते काही तासच सर्वाधिक नाट्यमय असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तथापि रुग्ण घरी परतेल की नाही हे पुष्कळदा त्या तासांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दिवसांत ठरत आले आहे. रक्त कोठून आणायचे, श्वास कसा घ्यायचा, खोकायचे कसे, केव्हा झोपायचे आणि केव्हा उठून चालायचे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधायला वैद्यकाला यंत्र बनवण्याइतकाच काळ लागला, आणि त्या शोधात परिचारिका, भूलतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ व स्वतः रुग्ण यांचा वाटा मोठा होता.

यंत्र येण्यापूर्वी हृदयावर हात घातला जात होता तो बहुधा ते बंद ठेवूनच. संधिवाताच्या तापाने, म्हणजे लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे सुजवून हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या आजाराने, डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की फुप्फुसात रक्त तुंबते आणि रुग्णाला जिना चढणेच काय, आडवे पडणेही अशक्य होते. १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन आणि इंग्लंडमध्ये रसेल ब्रॉक यांनी धडधडत्या हृदयात बोट किंवा उपकरण घालून, केवळ स्पर्शाच्या आधारे, ही झडप मोकळी करण्यात यश मिळवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ही शस्त्रक्रिया १९५०च्या दशकात सुरू केली. भारतात या आजाराचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा वयाने बरेच लहान असत. कित्येक तरुण स्त्रियांचा रोग पहिल्या बाळंतपणात रक्ताचा भार वाढल्यावरच उघडकीस येई.

याच बंद शस्त्रक्रियेच्या काळात पूर्वतयारीच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९५१ साली बॉस्टनमध्ये हार्केन यांनी शस्त्रक्रिया केलेल्या चार रुग्णांनी एकत्र येऊन 'मेंडेड हार्ट्‌स', म्हणजे 'सांधलेली हृदये', या नावाची संघटना स्थापन केली, आणि शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या नव्या रुग्णाला आधी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने भेटणे हे तिचे मुख्य काम ठरले. डॉक्टरने कितीही समजावले तरी, छाती उघडूनही माणूस पुढे चालतो-बोलतो याचा पुरावा म्हणून समोर बसलेल्या माणसाचे वजन वेगळेच असते. आजही वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा, आठ दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण शर्टाची बटणे सोडून नवागताला टाके दाखवतो, तेव्हा कोणी न शिकवता तो तेच काम करत असतो.

हृदय-फुप्फुस यंत्राची कथा सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात पुरे. जॉन गिबन यांनी पत्नी मेरी यांच्यासह सुमारे दोन दशके खपून तयार केलेल्या यंत्राच्या साहाय्याने ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले; त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे सर्व काम यंत्राने केले. त्यानंतरच्या अपयशांनी व्यथित होऊन गिबन यांनी हे काम थांबवले. पुढल्याच वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलहाय यांनी यंत्राला पर्याय म्हणून जिवंत माणूसच वापरला. मुलाच्या शेजारच्या टेबलावर त्याच्या आईला किंवा वडिलांना, अथवा जुळत्या रक्तगटाच्या दुसऱ्या प्रौढाला, झोपवून दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या जात, आणि त्या प्रौढाची फुप्फुसे मुलाचे रक्त शुद्ध करत. या पद्धतीने ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली व त्यांपैकी २८ जण रुग्णालयातून घरी गेले. शस्त्रक्रियेची तयारी ही एकट्या रुग्णाची नसून घरच्यांचीही असते, हे याहून अधिक अक्षरशः कधी खरे झाले नसेल.

यंत्र पुन्हा आले तेव्हा त्याच्यासोबत रक्ताचा प्रश्न आला. यंत्राच्या नळ्या आणि टाकी आधी द्रवाने भरल्याशिवाय ते रुग्णाला जोडता येत नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत हा भरणा पूर्णपणे ताज्या मानवी रक्ताने होत असे. त्यामुळे एका शस्त्रक्रियेसाठी एकाच गटाचे अनेक रक्तदाते जमवावे लागत आणि शस्त्रक्रियेचा दिवस पुष्कळदा दात्यांच्या सोयीवर ठरे. या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन हे प्राण्यांच्या ऊतींपासून मिळणारे औषध घालत, आणि यंत्र थांबल्यावर त्याचा परिणाम उतरवण्यासाठी प्रोटामिन देत, जे मूळचे सामन माशाच्या शुक्रद्रवातून काढलेले प्रथिन आहे. १९६०च्या सुमारास ग्लुकोजच्या किंवा क्षारांच्या पाण्याने यंत्र भरता येते आणि पातळ झालेले रक्त शरीर सहन करते, इतकेच नव्हे तर ते सूक्ष्म वाहिन्यांतून अधिक सुरळीत वाहते, हे सिद्ध झाले व रक्ताची गरज झपाट्याने घटली. तरीही भारतात रक्तपेढ्यांतील तुटवड्यामुळे नातेवाइकांनी बदली रक्तदाते आणावेत ही अपेक्षा दीर्घकाळ टिकून राहिली. गावाहून आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने 'ऑपरेशनची तयारी' या शब्दांचा पहिला अर्थ कित्येक वर्षे हाच होता: पैसे, आणि रक्त देणारी माणसे.

१९६०च्या दशकाच्या आरंभी मुंबई आणि वेल्लोर येथे यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. सेन यांनी केईएममध्ये हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. जगातील पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत महापालिकेच्या एका रुग्णालयात हे घडले याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. मात्र डॉ. सेन यांच्या विभागाचे खरे ऋण मोजायचे तर झडपा मोकळ्या होऊन आपापल्या घरी परतलेल्या माणसांकडे पाहावे लागेल.

रुग्ण टेबलावरून जिवंत उतरू लागले तेव्हा ते नंतरच्या आठवड्यात का दगावतात हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा हृदयात नसून फुप्फुसांत सापडले. यंत्र चालू असताना फुप्फुसे मिटलेली राहतात. नंतर छातीच्या वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो, कफ साचतो, फुप्फुसांचे तळचे भाग मिटतात आणि त्यांत जंतुसंसर्ग होतो. लिलहाय यांचा प्रौढाशी रक्तवाहिन्या जोडण्याच्या पद्धतीतला पहिलाच बालरुग्ण, हृदयातले छिद्र बंद होऊनही, अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. आरंभी छाती एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत आडवी उघडली जाई, त्यामुळे श्वासाचे दुखणे अधिकच वाढे. १९५७ नंतर उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, उभे कापण्याची पद्धत रूढ झाली आणि रुग्णाला श्वास घेणे तुलनेने सुसह्य झाले. शल्यचिकित्सकाने सुरी कोणत्या दिशेने फिरवली यावर तिसऱ्या दिवशीचा खोकला अवलंबून असतो, हे या बदलातून दिसते. दुसरीकडे, १९५२च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवून हाताने फुगा दाबत रुग्णांना श्वास पुरवला, आणि त्यातून अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. या विभागावाचून उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया नित्याची होणे शक्यच नव्हते.

कृत्रिम श्वसनयंत्राची नळी निघाली की मात्र काम रुग्णाचे स्वतःचे असते. पूर्वी वॉर्डांत पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या नळीने जोडून ठेवत, आणि रुग्णाने फुंकून एकीतले पाणी दुसरीत न्यायचे असे. फुंकण्यापेक्षा खोल श्वास आत ओढणे अधिक उपयोगी, हे ध्यानात आल्यावर १९७०च्या दशकात श्वास आत ओढण्यास प्रोत्साहन देणारी उपकरणे आली, आणि त्यांचेच वंशज असलेले, तीन उभ्या नळ्यांत तीन रंगीत चेंडू असलेले प्लास्टिकचे स्पायरोमीटर आज हृदयशस्त्रक्रियेच्या प्रत्येक वॉर्डात उशाशी दिसते. चेंडू वर जाण्यासाठी श्वास ओढायचा असतो. परंतु हातात नळी आली की फुंकण्याची माणसाची सवय इतकी जुनी आहे की, पहिल्या दिवशी बहुतेक रुग्ण त्यात फुंकतात आणि चेंडू जागचे हलत नाहीत. म्हणूनच हे उपकरण शस्त्रक्रियेच्या आधी, छाती दुखत नसताना, शिकवायचे असते. वेदना आणि गुंगी यांच्या मध्ये नवे काही शिकणे कोणालाच जमत नाही. खोकतानाही तेच. उशी किंवा घडी घातलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट कवटाळून खोकले, तर पोलादी तारांनी बांधलेली उरोस्थीची दोन्ही अर्धुके एकमेकांवर घासत नाहीत आणि वेदना कमी भासते. इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी वस्तू या सबंध महागड्या उपचारात दुसरी नसेल.

शस्त्रक्रियेनंतरच्या भ्रमाची गोष्ट याहून वेगळी आहे. १९६४ साली ब्लॅकली आणि कृत्रिम झडपेचे एक जनक अल्बर्ट स्टार यांनी, व पुढल्याच वर्षी कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी, हृदयशस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होतात, वेळ-स्थळ उमगत नाही, परिचारिका आपल्याला मारणार असे वाटते, अशी निरीक्षणे नोंदवली. यंत्रावरचा काळ व औषधे ही कारणे होतीच. पण अखंड उजेड, यंत्रांचे आवाज, दर तासाला होणारी झोपमोड आणि खिडकी नसलेली खोली हीही कारणे ठरली. त्यावरचे उपायही साधेच निघाले: दिसेल असे घड्याळ, दिवस-रात्रीचा फरक, काढलेला चष्मा आणि श्रवणयंत्र लवकर परत देणे, ओळखीचा आवाज कानी पडणे. १९६४ सालीच बॉस्टनमध्ये एग्बर्ट व सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियांच्या ९७ रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, दुखणे कोठे, किती आणि किती दिवस राहील हे भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी सांगितलेल्या रुग्णांना वेदनाशामके सुमारे निम्मी लागली आणि ते लवकर घरी गेले. आपल्याकडे 'पेशंटला काही सांगू नका, घाबरेल' या मायेने घरचे लोक रुग्णापासून जे लपवतात, त्याने त्याची भीती कमी होत नाही. ती शुद्धीवर येण्याच्या क्षणापर्यंत लांबते, जेव्हा घशात नळी असते आणि विचारताही येत नाही. ही प्रथा सुटणे फार गरजेचे आहे.

विश्रांतीचा अर्थ याच काळात पालटला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा आठवडे खाटेवरून उठू न देण्याची रीत होती. १९५२ साली सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. १९६७ मध्ये क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायातील शीर काढून हृदयाच्या अडलेल्या रोहिणीला पर्यायी वाट देण्याची, म्हणजे बायपासची, शस्त्रक्रिया रूढ केल्यावर रुग्णांचे स्वरूपच बदलले. आता कामधंद्यावर परतू पाहणारी मध्यमवयीन माणसे मोठ्या संख्येने आली, आणि खाटेवर पडून राहण्याने पायात गुठळ्या, स्नायूंचा ऱ्हास व न्यूमोनिया यांखेरीज काही मिळत नाही हे स्पष्ट होत गेले. १९९०च्या दशकात श्वसननळी काही तासांत काढून दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवण्याची शिस्त रुळली. महाराष्ट्रातील घरांत मात्र एक निराळी अडचण असते, जिची दखल परदेशी पुस्तिका घेत नाहीत. उरोस्थी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात व तोवर हातांवर भार देऊन उठू नये असे सांगितले जाते. पण ज्या घरात जेवण पाटावर, झोप जमिनीवर आणि शौचालय उकिडवे बसण्याचे, तेथे दिवसातून अनेकदा हातांवरच भार येतो. उंच खाट, खुर्चीचा कमोड आणि भिंतीला धरण्याजोगी दांडी या तीन गोष्टी रुग्ण घरी येण्यापूर्वी झाल्या, तर ती तयारी औषधांइतकीच मोलाची ठरते.

पूर्वतयारीच्या क्षेत्रात नंतर भर पडली ती बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टींची. वस्तऱ्याने केस काढल्यास त्वचेवर सूक्ष्म जखमा होऊन जंतुसंसर्ग वाढतो, म्हणून छातीचे व पायाचे केस यंत्राने कापणे. झडपेच्या शस्त्रक्रियेपूर्वी किडके दात दुरुस्त करून घेणे, कारण तोंडातले जंतू रक्तातून कृत्रिम झडपेवर बसू शकतात. तंबाखू आणि धूम्रपान काही आठवडे आधी सोडणे. मधुमेहींची साखर आटोक्यात आणणे.

धातूची झडप बसवलेल्या रुग्णाचे बरे होणे मात्र टाके निघाल्यावर संपत नाही. १९६० पासून वापरात आलेल्या या झडपांवर गुठळी धरू नये म्हणून वॉरफरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते, आणि त्याची मात्रा ठरवण्यासाठी आयएनआर नावाची रक्तचाचणी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ प्रमाणित आकड्यात मोजणारी तपासणी, नियमित करावी लागते. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते, म्हणून मेथी-पालक वर्ज्य करण्याऐवजी रोजच्या आहारात त्यांचे प्रमाण एकसारखे ठेवावे लागते. गर्भारपणात हे औषध बाळाला अपाय करू शकते, म्हणून तरुण स्त्रीचा निर्णय अधिक कठीण होतो. संधिवाताच्या तापाचा हल्ला पुन्हा होऊ नये यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू राहते. शस्त्रक्रियेचा खर्च आज सरकारी योजनेतून भागला, तरी चाचणीसाठी दर महिन्याला तालुक्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्या योजनेच्या हिशेबात बसत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपलेल्या, तारीख, आकडा आणि गोळीचा अर्धा-पाऊण भाग लिहिलेल्या चाचणीच्या चोपडीची पाने मात्र रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याबरोबर वाढत जातात.