तळटीप १४ : फ्रंटियरलँड
१४. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या डिस्नीलँडचा एक मूळ विभाग. एकोणिसाव्या शतकातील पश्चिम अमेरिकेचा देखावा इथे उभारला आहे : लाकडी किल्ला, खाणगाव, आगबोट. लेखक म्हणतो ती ‘जळती झोपडी’ नदीकाठी होती. मूळ रहिवाशांनी हल्ला करून ती पेटवली, असे पूर्वी प्रवाशांना सांगत. ती कथा पुढे बदलली, हे योग्यच झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या तेच तिच्यात आक्रमक ठरत होते. त्यांची नृत्ये दाखवणारे ‘इंडियन व्हिलेज’ १९७१ मध्ये बंद झाले. फ्लोरिडातील डिस्नी उद्यानातल्या फ्रंटियरलँडलगतची नदी आणि टॉम सॉयर बेट मात्र जुलै २०२५ मध्ये, ‘कार्स’ चित्रपटावरील नव्या भागासाठी बंद करण्यात आले. प्रस्तुत उतारा त्याआधीचा आहे.