आंतरमेंदू समकालन

आंतरमेंदू समकालन : दोन किंवा अधिक माणसे एकमेकांशी बोलत, खेळत, वाजवत किंवा नुसती एकमेकांकडे पाहत असताना त्यांच्या मेंदूंतील क्रियेचे चढउतार परस्परांशी जुळू लागतात; या घटनेला दिलेले नाव. जुळले म्हणजे दोघांचे विचार एक झाले असे नाही. एकाच्या मेंदूतील चढउतारावरून दुसऱ्याच्या मेंदूतील चढउताराचा अंदाज योगायोगाने जमेल त्याहून अधिक अचूक बांधता आला, की समकालन आहे असे मानतात; मग ते एकाच क्षणी घडो वा एकापाठोपाठ काही सेकंदांनी. दोन मेंदूंच्या मध्ये कोणतीही अदृश्य लहर ये-जा करत नाही. सगळी देवाणघेवाण डोळे, कान, आवाज, स्पर्श आणि हालचाल यांच्याच वाटेने होते.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण या विषयाच्या मुळाशी परचित्तज्ञानाची ओढ आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर तरुणपणी लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला भावावर काही संकट आले आहे असे वाटले आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. बेर्गर पुढे वैद्यकाकडे वळला आणि मनाच्या ऊर्जेचा शरीरातला माग काढण्यात त्याने आयुष्य घालवले. 1924 मध्ये येना येथे त्याने माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख (ईईजी) घेतला. तो 1929 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला हवे होते ते सापडले नाही, पण आज समकालन मोजण्याच्या मुख्य साधनांपैकी एक त्याचेच आहे. 1965 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जुळ्या भावंडांवरचा एक छोटा लेख आला. एका खोलीतल्या भावंडाने डोळे मिटले, की दुसऱ्या खोलीतल्या भावंडाच्या आलेखातही डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या अल्फा लहरी उमटतात, असा त्यात दावा होता. 15 जोड्यांपैकी दोनच जोड्यांत हे दिसले होते आणि प्रयोगाची पद्धतही सैल होती. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला.

तो नव्याने उभा राहिला 2002 मध्ये. अमेरिकेत रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या एफएमआरआय (मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या) यंत्रांतील माणसांना इंटरनेटने जोडून फसवाफसवीचा एक साधा खेळ खेळायला लावला आणि दोघांचे मेंदू एकाच वेळी टिपले. या पद्धतीला त्यांनी ‘हायपरस्कॅनिंग’ म्हटले. त्याआधी सामाजिक वागण्याचा अभ्यास बहुधा एकट्या माणसाला पडद्यावर चेहरे दाखवून होत असे. संवाद समजून घ्यायचा तर संवाद घडू द्यायला हवा, ही साधी गोष्ट मेंदूविज्ञानात रुजायला इतका वेळ लागला.

साधनांच्या मर्यादा इथे फार जाणवतात. ईईजी सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदल टिपते, पण जबडा किंवा मान हलली की स्नायूंचे विद्युत संकेत आलेखात मिसळतात. एफएमआरआय मेंदूच्या खोल भागांपर्यंत पोचते, मात्र माणसाला अरुंद नळीत निश्चल पडून राहावे लागते. एफनिर्स या तिसऱ्या पद्धतीत टोपीतून अवरक्ताजवळचा प्रकाश कवटीत सोडतात आणि रक्तातील ऑक्सिजनचा बदल मोजतात. तिचा वेग कमी आणि पोच वरच्या थरापुरती. पण समोरासमोर बसलेल्या दोघांना किंवा मांडीवरच्या बाळाला ती सोसते.

भाषेच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा प्रिन्स्टन विद्यापीठातला आहे. ग्रेग स्टीफन्स, लॉरेन सिल्बर्ट आणि युरी हॅसन यांच्या 2010 च्या प्रयोगात एका स्त्रीने एफएमआरआय यंत्रात पडून आपल्या शालेय दिवसांतला एक प्रसंग न घोकता, सहज सांगितला. ते ध्वनिमुद्रण 11 जणांना त्याच प्रकारच्या यंत्रात ऐकवले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूचे अनेक भाग सांगणारीच्या मेंदूमागून काही सेकंदांनी तसेच चढउतरत होते. काही भाग मात्र तिच्याही आधी हलत होते: श्रोता पुढचे वाक्य ओळखू पाहत होता. हे ‘आधी पोचणे’ ज्यांच्यात जास्त, त्यांना गोष्ट अधिक नीट समजली होती. मग रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा हे जुळणे उरले नाही. नुसता आवाज कानी पडल्याने मेंदू जुळत नाहीत, अर्थ पोचावा लागतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग थोडे आहेत.

बोलता न येणाऱ्यांतही हे घडते. प्रिन्स्टनमध्येच एलिस पियाझा आणि सहकाऱ्यांनी 9 ते 15 महिन्यांच्या बाळांना एका मोठ्या व्यक्तीसोबत खेळणी, गाणी आणि चित्रांचे पुस्तक यांत रमवले (2020). दोघांच्या डोक्यावर एफनिर्सच्या टोप्या होत्या. त्यांचे मेंदू जुळत होते. तीच व्यक्ती पाठ वळवून दुसऱ्या मोठ्या माणसाशी बोलू लागली की जुळणे थांबे. विशेष म्हणजे बाळाच्या मेंदूचा पुढचा भाग अनेकदा मोठ्या माणसाच्या किंचित पुढे असे. खेळ कुठे न्यायचा हे बहुधा बाळ ठरवत होते.

शाळेतल्या अभ्यासात सुझान डिकर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील 12 विद्यार्थ्यांचे ईईजी 11 तासिकांमध्ये घेतले (2017). तासात मन रमले असेल तेव्हा मुलांच्या लहरी अधिक जुळत. तास सुरू होण्याआधी ज्याच्याकडे दोन मिनिटे पाहत बसायला सांगितले होते, त्या जोडीदाराशी तर विशेष.

आक्षेप एकच, पण मोठा आहे. रेडिओवर क्रिकेटचे समालोचन ऐकणारी दोन अनोळखी घरे एकाच चेंडूला ओरडतात, म्हणून त्यांच्यात संवाद झाला असे होत नाही. सारखे दृश्य, सारखा ठेका, सारखी हालचाल मिळाली की मेंदू आपोआप सारखे वागतात. 2009 मध्ये बर्लिनमध्ये गिटारवादकांच्या जोड्यांवर झालेल्या प्रयोगात समकालन दिसले. पण वादक ठेका देणारा एकच मेट्रोनोम ऐकत होते, एकच सुरावट वाजवत होते. म्हणून आता प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसांच्या नोंदी एकत्र करून खोट्या जोड्या बनवतात आणि खऱ्या जोडीचे जुळणे त्यांच्याहून जास्त आहे का ते तपासतात. ही चाळणी न लावलेल्या निष्कर्षांवर भरवसा ठेवू नये.

प्राण्यांवरील कामाने या आक्षेपाला बरेचसे उत्तर दिले. 2019 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन अभ्यास आले. बर्कली येथे वूजिए झांग आणि मायकेल यार्टसेव्ह यांना इजिप्शियन फळवटवाघळे एकाच कक्षात असताना त्यांचे मेंदू जुळलेले आढळले. वेगवेगळ्या कक्षांत ठेवून तेच आवाज ऐकवले तरी ते जुळले नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये वाइझे हाँग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मेंदूत पेशींपर्यंत जाऊन पाहिले. काही पेशी स्वतःच्या वागण्याला, तर काही समोरच्याच्या वागण्याला प्रतिसाद देत होत्या. दोन्ही मेंदूंत ‘मी’ आणि ‘तो’ अशी दुहेरी नोंद ठेवली जाते. त्यामुळे त्यांची बेरीज सारखी दिसू लागते. वरचढ आणि दबून राहणाऱ्या उंदरांत दर्जाचे अंतर जितके जास्त, तितके जुळणे अधिक होते.

जास्त समकालन म्हणजे चांगले नाते, हा लोकप्रिय समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा. डार्टमथच्या सोफी वोल्टजेन आणि थालिया व्हीटली यांनी (2021) गप्पा मारणाऱ्यांचे लक्ष किती जुळते हे पाहण्यासाठी त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांचे आकुंचन-प्रसरण मोजले. नजरानजर होते तेव्हा बाहुल्यांचे जुळणे शिखरावर असते आणि तिथून ते ओसरू लागते. नजर हटली की पुन्हा चढते. चांगल्या गप्पांत माणसे जुळतात, सुटतात आणि नवे काही बोलायला मोकळी होतात. निरंतर जुळलेले दोघे एकच गोष्ट घोळत बसतील.

जुळण्यामुळे संवाद सुधारतो की संवाद सुधारल्यामुळे मेंदू जुळतात, हा कार्यकारणाचा प्रश्न केवळ नोंदी घेऊन सुटत नाही. जाकोमो नोव्हेंब्रे आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दोन माणसांच्या मेंदूंतील हालचाल नियंत्रित करणाऱ्या भागांना बाहेरून एकाच लयीत, सेकंदाला 20 आवर्तने असा सौम्य विद्युतप्रवाह दिला. त्यानंतर एकत्र बोटांनी ठोके देण्याचा त्यांचा मेळ सुधारला. मात्र बोटांचे ठोके आणि दोन माणसांतील समज यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते ओलांडणारे बाह्य उद्दीपनाचे प्रयोग अजून मोजकेच आहेत.