टाक्यांची वाट : चिंचवड–चाकण–नाणेघाट मार्गावरील मुक्कामांची निवड

पदव्युत्तर वर्गाच्या अभ्यास-सहलीची आखणी करताना बहुधा एकच पद्धत अनुसरली जाते. नकाशा पसरावयाचा, प्रसिद्ध स्थळांवर खुणा करावयाच्या, त्या खुणा रस्त्याने जोडावयाच्या आणि जेथे रात्र पडेल तेथे मुक्काम धरावयाचा. जुन्या प्रवाशाला ही चैन परवडणारी नव्हती. त्याला प्रथम पाणी ठरवावे लागे. वाट त्यानंतर ठरे. अरबस्तानात किंवा मिसर देशात वाळवंट ओलांडणाऱ्या तांड्याविषयी हे विधान केले, तर ते कोणासही सहज पटते. मरुद्यानांची निवड हाच तेथे प्रवासाचा आराखडा असतो. परंतु चिंचवडहून चाकणमार्गे जुन्नर व पुढे नाणेघाट या आपल्या नित्य परिचयाच्या पट्ट्याविषयी तेच विधान केले, तर ऐकणारा हसण्याचा संभव आहे. या वाटेत पवना, इंद्रायणी, भामा, भीमा, घोड, मीना आणि कुकडी अशा एकामागून एक सात नद्या आडव्या येतात. येथे मरुद्यानाचे काय काम, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या प्रश्नाचे उत्तर देणे हा आहे, आणि त्याबरोबरच आपल्या सहलीचे मुक्काम कोणत्या कसोटीवर निवडावे हे सुचविणे हाही आहे.

सात नद्यांचा हा दाखला फसवा आहे. आज वैशाखातही यांपैकी बहुतेक नद्यांच्या पात्रात पाणी दिसते. परंतु पवना धरण, भामेवरील आसखेड, भीमेवरील चासकमान, घोडेवरील डिंभे, मीनेवरील वडज आणि कुकडीवरील माणिकडोह ही सर्व धरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर झालेली आहेत. त्यांच्या अगोदर फाल्गुन सरता सरता या पात्रांत डोह तेवढे उरत. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी दोनशे सेंटीमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, हे खरे; पण तो चार महिन्यांत कोसळतो, आणि काळ्या कातळावरून तितक्याच त्वरेने वाहून जातो. घट्ट बसाल्टात पाणी मुरण्यास जागा थोडी. त्यामुळे ज्या ठिकाणी श्रावणात वाट दिसेनाशी होते, त्याच ठिकाणी चैत्रात ओंजळभर पाणी दुर्मिळ होते. वाळवंटाचा प्रवासी निदान फसत नाही; बारा महिने रखरखाटच असतो, हे त्यास ठाऊक असते. आमच्या घाटमाथ्याचे वाळवंट ऋतूप्रमाणे येते आणि जाते.

वाळवंटात मरुद्यान सामान्यतः निसर्ग देतो. घाटमाथ्यावर ते खोदावे लागते. सातवाहनकालीन शिलालेखांत या खोदीव टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. कातळाच्या दोन थरांमधून जेथे पाझर सुटतो तेथे आत कोरीत जावयाचे, तोंड लहान ठेवावयाचे, आतील पोकळी मोठी करावयाची आणि प्रसंगी छतास आधार म्हणून कातळाचेच खांब सोडावयाचे, अशी ही रचना. ऊन आत पोहोचत नाही, म्हणून बाष्पीभवन अल्प होते, आणि पावसाळ्यात साठलेले पाणी पुढील उन्हाळ्यात हाती लागते. हे काम खर्चाचे होते. तो खर्च कोणी केला, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच विचारला जातो.

नाणेघाट म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : सातवाहन राणी नागनिकेचा लेख आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण. लेखात यज्ञांची व त्या निमित्ताने दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. रांजणाचा उल्लेख त्यात नाही. रांजण जकातीचा होता ही परंपरा मोठी रम्य आहे. मला स्वतःला ती अगदीच असंभाव्य वाटत नाही. पण तिच्यामुळे घाटातील अधिक साध्या लेखांकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. सोपाऱ्याच्या गोविंददासाने येथे एक पोढी दान केल्याचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या वर्षी दामघोष नावाच्या गृहस्थाने दुसरी पोढी दिल्याचाही लेख आहे. घाटाच्या पायथ्यापलीकडे, पश्चिम किनाऱ्यावरील बंदरात राहणारा गोविंददास घाटाच्या माथ्याशी पाण्याची सोय करतो, यातच व्यापारी वाटेचे सारे मर्म आले. त्याचा माल या वाटेने चढत-उतरत असला पाहिजे, असा तर्क करणे वावगे होणार नाही. नुसत्या पुण्यासाठी द्यावयाचे, तर सोपाऱ्यातही पुण्यस्थाने होतीच.

जुन्नरच्या लेण्यांत हीच गोष्ट अधिक विस्ताराने आढळते. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचे तेथील एक लेख सांगतो. मानमोडीच्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप पुण्यार्थ करविल्याचा लेख आहे. त्यावर वर्ष 46 आहे. हे वर्ष शककालाचे मानल्यास इ. स. 124 येते, परंतु नहपानाच्या कालनिर्णयाविषयी विद्वानांत एकमत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. नहपानाचा जामात उषवदात याने तर नाशिकच्या लेखात आपल्या पुण्यकर्मांची नोंद देताना विहिरी, तळी, चौसोपी धर्मशाळा, नद्यांवरील मोफत नावा आणि नदीच्या दोन्ही तीरांवरील प्रपा, म्हणजेच आपल्या पाणपोया, यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. यवन, शक अमात्य, सोपाऱ्याचा रहिवासी, साधा गृहस्थ : या वाटेच्या पाण्याचे दाते इतके भिन्न आहेत. सत्ता सातवाहनांकडून क्षत्रपांकडे आणि पुन्हा उलट गेली, तरी टाके खोदण्याची चाल खंडित झाल्याचे दिसत नाही.

येथे जरा दूरच्या एका वाटेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. सोपारा, कल्याण, भडोच या बंदरांतून निघालेला माल तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरास लागत असे, आणि तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कॉप्टोस नगरास पोहोचत असे. प्लिनीने हे अंतर 257 रोमन मैल व प्रवास बारा दिवसांचा दिला आहे. उष्णतेमुळे तांडे रात्री चालत आणि दिवस पाण्याच्या ठाण्यांवर काढीत, असेही तो सांगतो. कॉप्टोस येथे सापडलेल्या एका लॅटिन लेखात या वाटेवरील हौद रोमन सैनिकांनी बांधल्याची नोंद, ठाण्यांच्या व सैनिकांच्या नावांसह, कोरलेली आहे. इ. स. 90 मधील दुसऱ्या एका लेखात या वाटेवरील कराचे दर दिलेले आहेत. अर्थात एकाच व्यापाराच्या दोन टोकांना दोन वाटा होत्या, दोन्ही पाण्याच्या ठाण्यांवर उभ्या होत्या. परंतु एकीकडे हौद सैन्याने बांधले आणि दुसरीकडे टाकी दात्यांनी खोदविली. बेरेनिके येथील उत्खननात सागवानी लाकूड, मिरी आणि 2022 साली बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती मिळाली, तेव्हा या दोन वाटांचा संबंध केवळ कल्पनेचा राहिलेला नाही.

आता चिंचवड–चाकण या आपल्या जवळच्या भागाकडे वळू. पुणे–नाशिक रस्त्यावरील जुनी मोठी ठिकाणे पाहिली तर मोशी इंद्रायणीशी, खेड भीमेशी, नारायणगाव मीनेशी आणि जुन्नर कुकडीशी बांधलेले आहे. चाकण आणि मंचर ही गावे मात्र दोन नद्यांमधील पठारावर वसली आहेत. मंचरला जुनी शिलालेखयुक्त बारव आहे, हा योगायोग खचित नव्हे. ज्या मुक्कामाला नदी नाही त्याला पाणी उभारावे लागले. चाकणच्या संग्रामदुर्गाची ख्याती 1660 च्या वेढ्यामुळे आहे. फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या फौजेस ऐन पावसाळ्यात सुमारे दोन महिने थोपवून धरले. त्या वेढ्याचा अभ्यास करताना पाऊस, खंदक आणि चिखल यांचा विचार तोफांइतकाच केला पाहिजे. पाणी अधिक झाल्यामुळे थांबावे लागलेला आणखी एक प्रवासी म्हणजे रशियाचा अफनासी निकितिन. पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात यझ्द, केरमान, होर्मुझ असे कोरडे प्रदेश ओलांडून तो चौलला उतरला व जुन्नरला आला, आणि तेथे पावसाने त्यास दोन महिने अडकवून ठेवले. इराणच्या रखरखाटातून आलेल्या माणसाने चार महिने सर्वत्र पाणी आणि चिखल असल्याची नोंद करावी, यात मोठी गंमत आहे.

चाकण व पिंपरी-चिंचवड यांच्या भोवतालच्या तीन डोंगरांना या दृष्टीने विशेष महत्त्व आहे : घोरवडेश्वर, भंडारा आणि भामचंद्र. तिन्हींवर लेणी आहेत आणि तिन्हींवर पाण्याची टाकी आहेत. घोरवडेश्वर, म्हणजेच शेलारवाडीच्या लेण्यातील लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका नांगरधारी कुटुंबातील स्त्रीने, सिअगुतनिकेने, आपल्या पुत्रासह लेणे दिल्याचे म्हटले आहे. धेनुकाकटाचे नाव कार्ल्याच्या लेखांतही वारंवार येते, तेव्हा हा डोंगर त्याच वाटेच्या परिवारातला. पुढे सुमारे पंधराशे वर्षांनी देहूच्या तुकोबारायांनी चिंतनासाठी हेच तीन डोंगर निवडले, अशी परंपरा आहे. एकांत तर देहूच्या आसपास अन्यत्रही मिळाला असता. 1630 च्या दुष्काळाने ज्याचा संसार होरपळला, त्या पुरुषाला डोंगरावरील बारमाही टाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको होते, असे मला वाटते. लेण्यातील भिक्षू आणि भंडाऱ्यावरील संत यांच्या विचारांत अंतर पुष्कळ. निवाऱ्याची त्यांची निवड मात्र एकच ठरली.

आज भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत चाकणची औद्योगिक वसाहत पोहोचली आहे. तिचे पाणी नळातून येते, आणि टाक्याची आठवण भाविकांखेरीज कोणास राहिलेली नाही. लेण्याच्या नकाशात टाके बहुधा कोपऱ्यातील एक चौकोन म्हणून दाखविले जाते. त्याची खोली, तोंडाचा आकार, पाझर कोणत्या थरातून येतो, ज्येष्ठ लागेपर्यंत किती पाणी टिकते, याची मोजणी फारच थोड्यांनी केलेली असते. मूर्ती झिजली तर तक्रार होते, टाके गाळाने भरले तर होत नाही. ही मोजणी करावयास आपले विद्यार्थी समर्थ आहेत, आणि तीसाठी दोरी, मोजपट्टी व वही यांखेरीज काहीही लागत नाही.

तेव्हा सहलीची आखणी अशी व्हावी, असे मी सुचवितो. पहिला दिवस घोरवडेश्वर व भामचंद्र यांस द्यावा. भंडारा वेळ उरल्यास पाहावा. दुसऱ्या दिवशी चाकणचा कोट धावता पाहून मंचरच्या बारवेवर पुरेसा वेळ थांबावे. लेण्याद्रीला सर्वच जातात आणि तेथे गणेशदर्शनाची गर्दीही असते. हाताशी एकच सकाळ असेल तर ती मानमोडीला, अयमाच्या लेखाला द्यावी. शेवटचा दिवस चावंडचा. त्या गडावरील सप्तमातृका टाकी पाहून, वाटेत कुकडीच्या उगमाकडील कुकडेश्वराचे दर्शन घेऊन, तिसऱ्या प्रहरी नाणेघाट गाठावा. जुन्नरपासून घाट सुमारे तीस किलोमीटर आहे. जीवधन गड मनातून कितीही खुणावीत असला, तरी या खेपेस तो सोडावा. एका दिवसात दोन गड आणि टाक्यांची मोजणी होत नाही.

राहिला प्रश्न ऋतूचा. सहली बहुधा श्रावणात निघतात, कारण तेव्हा घाट हिरवा असतो आणि धबधबे पाहावयास मिळतात. त्या दिवसांत जिकडेतिकडे पाणीच असल्यामुळे टाके हे केवळ भरलेले डबके दिसते, आणि गोविंददासाने कशासाठी पैसा खर्चिला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. विभागाने सहल चैत्राच्या उत्तरार्धात काढावी, पहाटे निघावे, दुपार लेण्याच्या सावलीत काढावी. परीक्षांचे वेळापत्रक आड येते, ही अडचण मला ठाऊक आहे. ते पंधरा दिवस पुढे-मागे करता येईल काय, याची विचारणा विभागप्रमुखांकडे करावी.