प्रतिपालक घराची पाहणी : इंग्लंडमधील अनुभव (१८७०–१९५५) आणि भारतीय संदर्भ

प्रस्तावना

आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या, अथवा ज्यांचा सांभाळ करणे जन्मदात्यांना शक्य नाही अशा बालकांना काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढविण्याच्या व्यवस्थेस ‘फॉस्टर केअर’ म्हणजे प्रतिपालकत्व असे म्हणतात. दत्तकविधानाने बालक कायमचे नव्या कुटुंबाचे होते. प्रतिपालकत्वात मात्र ते परक्या घरी राहत असले तरी त्याची अंतिम जबाबदारी शासनावरच असते. त्यामुळे बालक सोपविण्यापूर्वी ते घर पाहणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. या पाहणीला आपल्याकडे गृहभेट किंवा गृहचौकशी असे म्हटले जाते.

प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला ही गृहभेट परीक्षेसारखी वाटते. भेटीचा दिवस ठरला की भिंतींना रंग द्यावा काय, खोल्या कमी पडतील काय, पाहुण्यांसाठी राखलेली चादर घालावी काय, असे प्रश्न पडू लागतात. ही धास्ती स्वाभाविक आहे. परंतु पाहणी करणारा नेमके काय पाहण्यासाठी येतो, या प्रश्नाचे उत्तर घराच्या रंगरंगोटीत सापडत नाही. ते या प्रथेच्या इतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये ही प्रथा टप्प्याटप्प्याने घडली आणि तिच्या नियमांमागे प्रत्यक्ष बालकांनी सोसलेले अनुभव आहेत. प्रस्तुत लेखात १८७० ते १९५५ या कालखंडातील त्या प्रक्रियेचा आढावा घेऊन तिचा भारतीय व्यवस्थेशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१८७० चा आदेश : घराची जागा पाहणारी नजर

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये निराधार मुलांचा सांभाळ प्रामुख्याने दरिद्रीविषयक कायद्याखाली होत असे. ही मुले वर्कहाउसमध्ये किंवा त्याला जोडलेल्या मोठ्या शाळांमध्ये राहत. शेकडो मुले एकत्र वाढविण्याचे दुष्परिणाम ध्यानात येऊ लागल्यावर, स्कॉटलंडमध्ये आधीपासून रूढ असलेली मुलांना खेड्यातील कुटुंबात ठेवण्याची पद्धत इंग्लंडमध्येही आणावी, असा विचार बळावला. त्यातून १८७० मध्ये ‘बोर्डिंग आउट’ संबंधीचा आदेश निघाला.

या आदेशाच्या अटी पाहिल्या तर त्या काळची भीती स्पष्ट होते. एका घरी भावंडे नसलेली दोनपेक्षा अधिक मुले ठेवू नयेत, घर मुलाच्याच धर्मपंथाचे असावे, आठवड्याला चार शिलिंगांहून अधिक मोबदला देऊ नये, स्थानिक समितीच्या सदस्याने ठरावीक काळाने, किमान सहा आठवड्यांतून एकदा, मुलाला भेटावे आणि शाळामास्तराने त्याच्याविषयी नियमित अहवाल द्यावा, अशा त्या अटी होत्या. मोबदल्यावर मर्यादा घालण्यामागे एक स्पष्ट शंका होती. मुले सांभाळणे हा किफायतशीर धंदा झाला तर कुटुंब मुलासाठी न राहता पैशासाठी मूल ठेवू लागेल, ही ती शंका होय.

तथापि या व्यवस्थेत एक उणीव होती. समितीचे सदस्य बहुधा गावातील प्रतिष्ठित, सुखवस्तू कुटुंबांतील स्त्री-पुरुष असत, तर मुले सांभाळणारी कुटुंबे शेतमजुरांची किंवा कारागिरांची असत. अशा भेटीत बाईसाहेब दाराशी येणार, मुलाचे तोंड धुतलेले असणार, स्वच्छ कपडा अंगावर असणार आणि दोन गोड शब्द बोलून त्या परत जाणार, हे ओघानेच आले. भेट होत होती, परंतु ती सौजन्यभेट होती. घराची जागा, अंथरुण आणि चूल नजरेस पडत असे, पण मुलाचे खरे हाल त्या नजरेतून सुटू शकत.

मेरियन मेसन : मुलाकडे वळलेली नजर

१८८५ मध्ये लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने मिस मेरियन मेसन यांची अशा मुलांच्या निरीक्षणासाठी नेमणूक केली. त्या काळी शासकीय निरीक्षकाच्या पदावर स्त्री असणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. १९१० मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पाव शतक, त्यांनी देशभर प्रवास करून खेडोपाडीची घरे पाहिली.

त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की त्या घराइतकेच, किंबहुना अधिक बारकाईने, मुलाचे शरीर पाहत. मुलाचे बूट-मोजे काढावयास लावून पाय पाहणे आणि आवश्यक तेथे अंगावरील कपडे बाजूला करून तपासणे हा त्यांचा परिपाठ होता. आजच्या वाचकास हे कठोर वाटेल आणि मुलाच्या संकोचाचा विचार करता ते पूर्णतः गैरही नाही. परंतु त्यामागील तर्क समजून घेतला पाहिजे. तोंड आणि हात पाहुण्यांसाठी घाईघाईने धुता येतात. मोज्याखालचे पाय, उपासमारीने दिसू लागलेल्या बरगड्या आणि पाठीवरचे वळ मात्र एका सकाळीत लपवता येत नाहीत. तयारी करून दाखविता येणार नाही असे काहीतरी पाहणे, हा पाहणीच्या शास्त्रातील मोठा शोध होता आणि त्याचे श्रेय मेसन यांच्याकडे जाते.

त्यांचा अनुभव एकांगी नव्हता. चांगली घरे, जेथे मुले पोटच्या लेकरांसारखी वाढत होती, तीही त्यांनी पाहिली आणि या पद्धतीचे त्या समर्थन करीत राहिल्या. मात्र त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः आपल्या दरिद्री-संघाच्या हद्दीबाहेर ठेवलेल्या मुलांपुरते होते. हद्दीच्या आत ठेवलेली अनेक मुले त्या नजरेबाहेरच राहिली. कोणत्या मुलावर कोणाची नजर, ही विभागणी कागदावर किरकोळ भासते. तिची किंमत पुढे सहा दशकांनी मोजावी लागली.

डेनिस ओ’नील : भेट झाली, मूल वाचले नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांतून हलविलेल्या लाखो मुलांमुळे इंग्लंडमध्ये घरांची मोठी टंचाई होती. अशा वेळी वेल्समधील न्यूपोर्ट येथील स्थानिक प्रशासनाच्या ताब्यात असलेली डेनिस ओ’नील व त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स ही दोन मुले १९४४ च्या उन्हाळ्यात श्रॉपशायर परगण्यातील मिन्स्टरलीजवळच्या बँक फार्म या एकाकी शेतघरात एका दांपत्याकडे ठेवण्यात आली. घराची निवड करताना पुरेशी चौकशी झाली नव्हती. मुले एका प्रशासनाची आणि घर दुसऱ्या परगण्यातले, त्यामुळे देखरेख नेमकी कोणी करावयाची याविषयी दोन्ही कार्यालयांत घोळ राहिला.

२० डिसेंबर १९४४ रोजी न्यूपोर्टच्या कार्यालयातील एक महिला कर्मचारी त्या शेतघरी गेली. डेनिसची प्रकृती तिला चिंताजनक वाटली. त्याला डॉक्टरांना दाखवावे असे तिने सांगितले आणि मुलांना तेथून हलवावे असे मतही कळविले. डॉक्टर आले नाहीत. नाताळाचे दिवस आले, कार्यालयीन कामकाज मंदावले. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस मरण पावला. तो अवघ्या १२ वर्षांचा होता. उपासमारीने खंगलेल्या त्याच्या शरीरावर मारहाण झाली होती आणि त्यातच त्याचे हृदय बंद पडले होते. टेरेन्स वाचला व त्याने न्यायालयात साक्ष दिली. सदोष मनुष्यवधाबद्दल पुरुषास सहा वर्षांची आणि दुर्लक्षाबद्दल स्त्रीस सहा महिन्यांची शिक्षा झाली.

सर वॉल्टर मंक्टन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल मे १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकरणातून मिळणारा धडा विचार करण्याजोगा आहे. येथे पाहणी झालीच नाही असे म्हणता येत नाही. एका कर्मचाऱ्याने मूल पाहिले आणि जे पाहावयास हवे होते तेच पाहिले. परंतु त्या पाहण्याचे रूपांतर तातडीच्या कृतीत करण्याची जबाबदारी एका निश्चित व्यक्तीवर नव्हती. मेसन यांच्या काळात प्रश्न नजरेचा होता. १९४५ मध्ये तो नजर आणि निर्णय यांच्यामधील अंतराचा होता. शिवाय मोकळ्या हवेतले शेतघर म्हणजे मुलांसाठी उत्तम घर, ही रूढ समजूतही येथे खोटी ठरली.

कर्टिस समिती, १९४८ चा कायदा व १९५५ चे नियम

निराधार मुलांच्या संस्थांतील परिस्थितीविषयी लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी जुलै १९४४ मध्ये ‘द टाइम्स’ मध्ये पत्र लिहून जनमत जागे केले होते. डेनिसच्या मृत्यूने त्या मागणीला धार आली. मार्च १९४५ मध्ये मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. लक्षणीय बाब अशी की एवढ्या दारुण प्रकरणानंतरही समितीने कुटुंबात मूल ठेवण्याची पद्धत त्याज्य ठरविली नाही. उलट, दत्तक शक्य नसेल तर मोठ्या संस्थेपेक्षा चांगले प्रतिपालक घरच बरे, असा तिचा कौल होता. मात्र विखुरलेली जबाबदारी एकत्र आणून प्रत्येक स्थानिक प्रशासनात मुलांसाठी स्वतंत्र अधिकारी असावा, असे तिने सुचविले. जुलै १९४८ मध्ये अमलात आलेल्या बालक कायद्याने ही सूचना प्रत्यक्षात आणली.

१९५५ च्या नियमांत पाहणीचे स्वरूप अधिक पक्के झाले. मूल ठेवण्यापूर्वी घरास भेट देऊन राहण्या-झोपण्याची सोय समाधानकारक असल्याचा लेखी अहवाल, मूल ठेवल्यानंतरच्या नियमित भेटी आणि त्यांच्या नोंदी या बाबी बंधनकारक झाल्या. त्याचबरोबर, मुलाला आपल्याच लेकराप्रमाणे वाढवू अशी लेखी हमी प्रतिपालकांना द्यावी लागे. म्हणजे पाहणीचा विषय आता चार भिंतींपुरता उरला नाही. हे विशिष्ट मूल आणि हे विशिष्ट कुटुंब यांचे जमेल काय, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आला.

भारतीय संदर्भ

आपल्या समाजात परक्या घरी मूल वाढणे नवे नाही. आजोळी किंवा मामाकडे वाढलेली, वार लावून जेवत शिकलेली मुले महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पुष्कळ आढळतात. तेथे गृहचौकशी नव्हती. परंतु भाऊबंदांची आणि गावाची नजर असे. अर्थात ती नजरही सर्वांसाठी सारखी नव्हती. जातीची आणि नात्याची चौकट ओलांडून एखाद्या निराधार मुलाला घर मिळणे विरळाच. नात्याबाहेरच्या मुलाला घर द्यावयाचे तर नात्याच्या नजरेची जागा कायद्याच्या नजरेने घ्यावी लागते.

या दिशेने महत्त्वाचा टप्पा म्हणजे लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निर्णय. त्याचा विषय परदेशी दत्तक हा होता. तरीही मूल देण्यापूर्वी कुटुंबाची पार्श्वभूमी, पती-पत्नींचे परस्परसंबंध, आरोग्य, आर्थिक स्थिती व निवास यांविषयी गृहअध्ययन अहवाल असलाच पाहिजे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. बालन्याय अधिनियम, २००० मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आली. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार कुटुंबाची निवड त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव यांवर करावयाची असून भावंडे शक्यतो एकत्र ठेवावयाची आहेत. बाल कल्याण समितीने दरमहा प्रतिपालक कुटुंबाची पाहणी करावी, असेही त्यात नमूद आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एकट्या व्यक्तीसही प्रतिपालक होण्याचा मार्ग मोकळा केला आहे.

या तरतुदींत १८७० पासूनचे सर्व टप्पे एकत्र आलेले दिसतात. जागा पाहणे, मूल पाहणे, जबाबदार यंत्रणा निश्चित करणे आणि नाते जुळते काय ते पाहणे हे ते टप्पे होत. मात्र एक धोका आपल्याकडे अधिक आहे. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहणे ही आपल्या अनेक कुटुंबांची रोजची स्थिती आहे. पाहणी करणाऱ्याने गरिबीलाच दोष मानले, तर माया असलेली घरे नाकारली जातील आणि मूल संस्थेतच राहील. उलट, सुबक दिवाणखान्याने त्याचे समाधान झाले, तर आपण पुन्हा सौजन्यभेटीच्या काळात जाऊ.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की गृहभेटीची प्रथा कुटुंबाच्या अपमानासाठी जन्मलेली नाही. ज्या मुलांकडे कोणी वेळेवर पाहिले नाही, त्यांच्या स्मृतीतून ती घडली आहे. हे ध्यानी घेतल्यास गृहभेटीच्या तयारीचा अर्थही बदलतो. रंग नसला तरी चालेल, परंतु मुलाला झोपावयास सुरक्षित जागा असावी. घरातील प्रत्येकाची, विशेषतः आपल्या मुलांची, संमती मोकळेपणाने घेतलेली असावी. उत्पन्न, आजारपण आणि घरातील ताणतणाव यांविषयी विचारले असता लपवाछपवी नसावी. मूल आल्यानंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसासाठी दार उघडे ठेवण्याची मनाची सिद्धता असावी.

शासनाच्या बाजूनेही तयारी लागते. दरमहा पाहणी करावयाची तर तेवढी माणसे हवीत आणि त्यांनी लिहिलेला शब्द त्याच दिवशी वाचणारा अधिकारी हवा. २० डिसेंबर १९४४ ची ती भेट आणि ९ जानेवारी १९४५ चा तो मृत्यू यांच्यामध्ये वीस दिवस होते. प्रतिपालकत्वाच्या कोणत्याही व्यवस्थेची कसोटी अशाच वीस दिवसांत लागते.