पेटी उघडण्याची परवानगी

तुमचं बालपण २००० सालाच्या आगेमागे महाराष्ट्रात गेलं असेल, तर तुम्हाला आठवत असेल, आपण अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणायचो. टेबलावर मॉनिटर, त्याच्या शेजारी सीपीयू आणि दोघांवर आईनं शिवलेलं कव्हर. आत काय असतं ते फक्त दुकानदाराला ठाऊक. मागच्या स्क्रूवर एक कागदी पट्टी चिकटवलेली असायची. ती फाटली की वॉरंटी संपली.

मिरजेच्या आमच्या घरी २००१ साली असा ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर आला. बाबांनी शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. मी त्यावर डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचे. दोन वर्षांनी एका संध्याकाळी भारनियमन संपून वीज आली आणि पेटीतून फट्कन आवाज आला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदारानं पट्टीकडे बोट दाखवलं. ती फाटलेली होती. बाबांनी पुन्हा पैसे भरले.

पट्टी मी फाडली होती, आत बघायला. ते मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पुढे मी सेमिकंडक्टर पदार्थांवर पीएच.डी. केली. नॅनोमीटरच्या जाडीचे थर मोजले, पण कॉम्प्युटरची पेटी पुन्हा कधी उघडली नाही. २०२३च्या जानेवारीत, सिंगापुरात पोस्टडॉक म्हणून येऊन चार महिने झाले असताना, मी ठरवलं की गेम खेळण्यासाठी एक कॉम्प्युटर स्वतः जोडायचा. बजेट एक हजार सिंगापूर डॉलर. मॉनिटर एका सहकाऱ्याचा जुना मिळणार होता.

इथे असं काही ठरवलं की माणूस सिम लिम स्क्वेअरला जातो. रोचोर स्टेशनच्या बाहेर पडलात की समोरच ही इमारत दिसते, आणि लिटल इंडिया इथून चालत पाच-सात मिनिटांवर. १९८०च्या दशकात बांधलेल्या या इमारतीत खालच्या मजल्यांवर फोन आणि कॅमेरे मिळतात, तर पाचव्या-सहाव्या मजल्यांवर सुटे भाग. तिथल्या दुकानांची खासियत म्हणजे छापील दरपत्रक. बारीक अक्षरांत दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, त्यावर प्रत्येक प्रोसेसर, रॅम, डिस्क यांचा भाव. १९९८ साली इथे सुरू झालेलं हार्डवेअरझोन हे संकेतस्थळ ही दरपत्रकं सगळ्यांना घरबसल्या दाखवू लागलं. भाव असा उघड लिहिलेला असला की घासाघीस करणारा आणि न करणारा यांच्यातलं अंतर कमी होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बाबा गेले असते, तर त्यांना आधी दुकानदाराचा चेहरा वाचावा लागला असता.

सिम लिमचं नाव नेहमीच चांगलं होतं असं मात्र समजू नका. २०१४ मध्ये तिथल्या एका फोनच्या दुकानात एक परदेशी पर्यटक पैसे परत मिळावेत म्हणून गुडघे टेकून रडत होता. ते दृश्य जगभर पाहिलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्या दुकानाच्या मालकाला तुरुंगवास झाला. फसवणूक झाली ती खालच्या मजल्यांवर, बंद खोक्यातली वस्तू विकताना. वरच्या मजल्यांवरचं गिऱ्हाईक हातात कागद घेऊन येतं आणि त्याला मॉडेल नंबर पाठ असतो.

पण मुळात सुटे भाग एकमेकांत बसतात तरी कसे? याचं उत्तर १९८१ सालात आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून त्यांनी बहुतेक भाग बाहेरच्या कंपन्यांचे घेतले. वर, पेटीत कुठला भाग कुठे जातो याचं तांत्रिक पुस्तकही विकायला ठेवलं. बायोस हा एक प्रोग्राम तेवढा त्यांच्या मालकीचा होता. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकनं त्याची नक्कल न करता, त्याचं काम करणारा नवा बायोस लिहून घेतला. लवकरच असा बायोस तयार विकतही मिळू लागला आणि आयबीएमची पेटी सगळ्यांची झाली. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवलं. मी सिम लिममधून घेतलेला मदरबोर्ड भलत्याच कंपनीच्या कॅबिनेटमध्ये स्क्रूच्या भोकासकट बसतो, तो त्यामुळे.

सिंगापूरही याच काळात या कथेत येतं. सीगेटनं १९८२ मध्ये इथे कारखाना काढला आणि दशक संपेपर्यंत हे बेट जगात सर्वाधिक हार्ड डिस्क बनवणारं ठिकाण झालं. १९८१ मध्येच सिम वाँग हू या तरुणानं चायनाटाउनमधल्या पर्ल्स सेंटरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान थाटलं. नाव क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी. १९८६ साली त्यानं बनवलेला क्युबिक सीटी हा बोलणारा कॉम्प्युटर चालला नाही. मग त्यानं अख्खी पेटी विकायचा नाद सोडून तिच्यात बसणारा एकच भाग बनवला. १९८९चं साउंड ब्लास्टर. तोवर बहुतेक पीसी फक्त बीप करायचे. या कार्डानं संगीत आणि माणसाचा आवाज आणला, त्या काळच्या लोकप्रिय ॲडलिब कार्डासाठी लिहिलेले गेम चालवले आणि वर जॉयस्टिक जोडायची जागाही दिली. जॉयस्टिकसाठी वेगळं कार्ड घेणं वाचलं, हे कमी पैशांत गेम खेळणाऱ्यांनी लगेच हेरलं. १९९२ साली क्रिएटिव्ह अमेरिकेच्या नॅसडॅकवर पोचली.

मी सुट्या भागांची यादी करत होते त्याच आठवड्यात, ४ जानेवारी २०२३ला, सिम वाँग हू वारले. यादीत साउंड कार्ड नव्हतं. १९९७ मध्ये इंटेलनं आवाजासाठी एक प्रमाण ठरवल्यावर तो भाग हळूहळू मदरबोर्डातच विरघळला. पहिल्यांदा जोडणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं: काल ज्यासाठी वेगळे पैसे मोजत होतो, ते आज बोर्डावर फुकट असू शकतं. आधी बोर्डावर काय आहे ते वाचा.

आता तुम्ही विचाराल, मग मिरजेला तो कॉम्प्युटर इतका महाग का पडला? भारतात सुट्या भागांवर जबर आयात शुल्क होतं. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानं ते थोडं उतरवलं. खरी कलाटणी मिळाली ती सिंगापुरातच. १३ डिसेंबर १९९६ला, जागतिक व्यापार संघटनेच्या इथल्या परिषदेत, २९ सदस्यांनी माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं शुल्क शून्यावर आणण्याचं जाहीर केलं. भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि टप्प्याटप्प्यानं, २००५ पर्यंत, शुल्क उतरवत गेला. बाबांनी कर्ज काढलं ते या उताराच्या अधल्यामधल्या पायरीवर. सिंगापूर तर १८१९ पासूनच खुलं बंदर. इथे भावात भर पडते ती जीएसटीची, तोही त्याच जानेवारीत सातवरून आठ टक्के झाला होता.

माझा हिशोब असा झाला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, दोनशे डॉलर. सहा कोअर, आणि पंखा सोबत मिळतो. नवा एएम५ बोर्ड तेव्हा नुकताच आला होता, पण त्याला महागडी डीडीआर५ रॅम लागायची, म्हणून मागच्या पिढीचा एएम४ बोर्ड, एकशे चाळीस. रॅम सोळा जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, पासष्ट. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. एकच सोळाची घेऊन ‘पुढे वाढवू’ म्हणणं गेममध्ये महागात पडतं. एक टीबी एसएसडी पंच्याण्णव. कॅबिनेट पंच्याहत्तर, पुढून हवा घेणारं. इथल्या दमट हवेत काचेची शोभा कामाची नाही.

ग्राफिक्स कार्डाला सगळ्यात मोठा वाटा ठेवा. २०२१ मध्ये क्रिप्टो खणणाऱ्यांनी कार्डांचे भाव आकाशाला भिडवले होते. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं ती पद्धत बंद केली आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. मला आरएक्स ६६०० दोनशे साठ डॉलरला मिळालं, कॅरोसेलवर, विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास गेम चालवून बघितल्यावर.

राहिला पॉवर सप्लाय. कार्ड १३२ वॅटचं, म्हणजे साडेचारशेचा पुरला असता. मी पंच्याण्णव डॉलर देऊन साडेसहाशेचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. दुकानातल्या काकांनी विचारलं, एवढा कशाला? मी म्हटलं, घराण्याचा इतिहास आहे. एकूण नऊशे तीस.

सिम वाँग हूंनी १९९९च्या आपल्या पुस्तकात सिंगापूरविषयी एक निरीक्षण मांडलं होतं. इतरत्र मनाईची पाटी नसेल तर गाडी वळवतात; इथे परवानगीची पाटी नसेल तर वळवत नाहीत. ते वाचताना मला आमची कागदी पट्टी आठवली. आयबीएमनं पेटीचं पुस्तक विकायला ठेवून वीस वर्षं झाली होती, आणि मिरजेत एक मुलगी पेटी उघडली म्हणून गुन्हेगार झाली होती.

जोडणी रविवारी केली. बाबांना व्हिडिओ कॉलवर बसवलं होतं. रॅम बसल्याचा ‘टक्’ आवाज त्यांनाही ऐकू आला. पॉवर सप्लाय हातात घेतला तेव्हा मी पट्टीचं सांगून टाकलं.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तो जुना पॉवर सप्लाय माळ्यावर आहे अजून. वर चारशे वॅट लिहिलंय, आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा लागतो. पट्टीचं काय घेऊन बसलीस? बटण दाब.”

मी बटण दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. सप्लायच्या मागचा छोटा स्विच बंद होता. तुम्ही जोडाल तेव्हा तो आधी बघा.