पर्थ ते कोग्गला: एका उड्डाणात दोन सूर्योदय

१/८
फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया व ब्रिटन यांना जोडणारा हवाई मार्ग तुटला. युद्धापूर्वी सिडनीहून निघालेली प्रवासी विमाने सिंगापूरमार्गे, ठिकठिकाणी मुक्काम करीत, नऊ-दहा दिवसांत इंग्लंडला पोहोचत. आता त्या वाटेवरील महत्त्वाचे टप्पे शत्रूच्या ताब्यात होते.

२/८
पर्याय एकच उरला: हिंदी महासागर एका दमात ओलांडणे. पर्थपासून सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला सरोवरापर्यंतचे अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीने या मार्गावर कॅटालिना विमाने धाडण्यास आरंभ केला. दोन इंजिनांची ही विमाने पाण्यावरूनच उडत आणि पाण्यावरच उतरत.

३/८
एवढे अंतर कापायचे तर अफाट इंधन हवे, आणि इंधन म्हणजे वजन. म्हणून विमानातील जे जे काढता येण्याजोगे होते ते काढून टाकण्यात आले. तरीही एका फेरीत जास्तीत जास्त ३ प्रवासी आणि ६९ किलो टपाल एवढाच भार नेता येई.

४/८
इंधन पुरवून वापरायचे म्हणून वेगही बेताचाच, ताशी सुमारे २०० किलोमीटर. परिणामी एका फेरीस साधारण २७ ते ३२ तास लागत. वाऱ्याचा रोख बदलला की हा हिशेबही बदले. सर्वांत लांबलेली फेरी ३२ तास ९ मिनिटांची ठरली.

५/८
विमान निःशस्त्र, चालक नागरी कंपनीचे. जपानी गस्तीला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवरून संदेश पाठवणे वर्ज्य होते. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन दिशा ठरवावी लागे. आरंभीच्या तासांत, टाक्या भरलेल्या असताना, एक इंजिन बंद पडले असते तर दुसऱ्याच्या बळावर तरंगत राहणे अशक्य होते.

६/८
एवढ्या दीर्घ प्रवासात प्रवाशांना आकाशातूनच दोनदा सूर्योदय दिसे. उतरल्यावर त्यांना ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ या गुप्त मंडळाचे सभासद केल्याचे प्रमाणपत्र मिळे. कोग्गलाहून पुढचा प्रवास कराचीमार्गे ब्रिटनकडे होई.

७/८
जुलै १९४५ पर्यंत या विमानांनी २७१ वेळा महासागर ओलांडला. एकाही फेरीत विमान गमावले नाही. युद्ध संपल्यावर मात्र, अमेरिकेशी झालेल्या युद्धकालीन कराराच्या अटींमुळे, ही विमाने समुद्रात बुडवण्यात आली.

८/८
मार्च २०१८ मध्ये त्याच क्वांटासने पर्थ ते लंडन थेट सेवा सुरू केली: सुमारे १४,५०० किलोमीटर, साधारण १७ तास. अंतर अडीचपट आणि वेळ जवळजवळ निम्मा. शिवाय विमानात दोनशेहून अधिक आसने. १९४३ मध्ये याच शहरातून निघणाऱ्या विमानात तिघांसाठीच जागा होती, आणि तेवढ्यासाठीही चालकांना प्रत्येक फेरीत जीव पणाला लावावा लागत होता.