आपलीच कीर्ती वाचणारा नायक

स्पॅनिश मला येत नाही. नोकरी सांभाळून रात्री मी ‘डॉन क्विक्झोट’चे दोन्ही भाग वाचले ते इंग्रजी अनुवादातून. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणाशी थबकलो. एक पदवीधर तरुण कादंबरीच्या नायकालाच सांगतो की, तुमची कथा छापून आली आहे, बारा हजारांवर प्रती निघाल्या आहेत आणि लोक तीत चुकाही काढताहेत. सान्चोचे गाढव चोरीला गेले कधी, परत आले कधी?

या चुका पहिल्या भागात खरोखरच होत्या. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाकडे असे बोट दाखवणे ही निव्वळ गंमत मानली जाते. मला ते अपुरे वाटते.

गंमत पहिल्या भागातही आहे. नायकाचे ग्रंथ जाळण्यापूर्वी चाळताना पाद्र्याच्या हाती सर्व्हांटिसचीच ‘ला गालातेआ’ लागते आणि तिचा कर्ता आपला जुना मित्र असल्याचे तो सांगतो. फारसे नाव न झालेल्या लेखकाने वाचकाला जाता जाता केलेली ही खूण. १६०५ साली तो भाग गाजला, पण सर्व्हांटिसची ओढगस्त संपली नाही. छपाईचा हक्क त्याने आधीच ग्रंथविक्रेत्याला विकला होता. १६१४ मध्ये आवेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी दुसरा भाग परस्पर छापला. प्रस्तावनेत सर्व्हांटिसच्या वयाची आणि १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत निकामी झालेल्या हाताची टिंगलही केली.

यानंतर आत्मोल्लेखाचा सूरच पालटतो. एकोणसाठाव्या प्रकरणात धर्मशाळेत नायकाच्या कानी ते बनावट पुस्तक पडते. त्यातला तोतया सारागोसाला जातो, म्हणून खरा नायक वाट बदलून बार्सिलोना गाठतो. पुढे बनावट पुस्तकातलेच एक पात्र, आल्वारो तार्फे, त्याला भेटते आणि मी पाहिलेला क्विक्झोट हा नव्हे, असा जबाब गावच्या अधिकाऱ्यासमोर लिहून देते.

पात्रावरचा हक्क मागायला तेव्हा न्यायालय नव्हते. म्हणून सर्व्हांटिसने कादंबरीतच कज्जा चालवला, प्रतिपक्षाचाच साक्षीदार फोडला आणि शेवटी नायकाला मृत्यू दिला. पुन्हा कुणी त्याला उठवू नये, हा हेतू प्रस्तावनेत सांगूनच. कीर्तीने या लेखकाला स्वतःविषयी लिहायला लावले ते प्रौढी मिरवण्यासाठी नव्हे, मालकी शाबीत करण्यासाठी.

हा भाग १६१५ च्या अखेरीस निघाला. पुढच्या एप्रिलमध्ये सर्व्हांटिस वारला. त्याच्या हयातीतच हा दावा निकाली निघाला, याचे मला आजही समाधान वाटते.